इन्फ्रारेड फोटोच्या मधोमध येणारा पांढरा गोळा: कुठून येतो आणि कसा घालवायचा

मागच्या दिवाळीपासून एकच कटकट माझ्या मागं लागली होती. कॅमेऱ्याला ७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर (डोळ्याला दिसणारा उजेड अडवून त्याच्या पलीकडचा, न दिसणारा उजेड आत सोडणारी काच) लावायचा, ट्रायपॉड रोवायचा, वीस-पंचवीस सेकंद श्वास धरून उभं राहायचं, आणि फोटो उघडला की बरोबर मधोमध एक फिक्कट गोळा. कडा धूसर, म्हणजे कुणी लेन्सवर तोंडाची वाफ सोडावी आणि ती मधेच गोठावी तसा. रंगात बघितलं तर तेवढाच भाग जरा गुलाबी-जांभळट, ब्लॅक अँड व्हाइट केलं तर सरळ पिठाचा हात लागल्यासारखा. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे दर वेळी येत नाही. एका फोटोत ठसठशीत, पुढच्याच फोटोत गायब, परत तिसऱ्यात हजर.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक मोठं उघडा, एफ/४ किंवा एफ/५.६ वर या (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), तरी जात नसेल तर लेन्स बदलून बघा, आणि कृपा करून नवीन फिल्टर विकत घेऊ नका. मी घेतला. ते पैसे गेले. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचा, कारण माझ्या बाबतीत एकावर एक दोन भानगडी होत्या आणि एक सुटली तरी दुसरी राहायची, त्यामुळं मला वाटायचं की उपाय लागूच पडत नाहीये.

थोडं सामानाबद्दल. माझ्याकडं जुना डीएसएलआर आहे, आतून काहीही बदल न केलेला. दोन लेन्स, एक बॉडीसोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८, जी मी लई हौसेनं घेतलेली. दोन्हींचा थ्रेड ५२ एमएमचा, त्यामुळं एकच फिल्टर दोन्हींना बसतो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढं एक काच असते जी इन्फ्रारेड अडवते, कारण सिलिकॉनच्या सेन्सरला डोळ्याला दिसणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पलीकडचं, साधारण १००० - ११०० पर्यंतचं पण कळतं आणि ते आत आलं तर रोजच्या फोटोचे रंग बिघडतात. ती काच सगळंच अडवत नाही, थोडं झिरपू देते. आपण बाहेरून दिसणारा उजेड अडवणारा फिल्टर लावतो आणि जे थोडंसं झिरपतं त्याच्यावरच फोटो काढतो, म्हणून भर दुपारी सुद्धा एवढी लांब एक्सपोजर. आपला कॅमेरा या कामाचा आहे का हे बघायचं असेल तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबा, लाइव्ह व्ह्यूमध्ये रिमोटच्या तोंडाचा बल्ब चमकताना दिसला की काम होईल. मिणमिणता दिसला तर एक्सपोजर लांबणार, काहीच दिसलं नाही तर नाद सोडा.

आता मूळ किस्सा.

पाऊसकाळ संपून महिना झाला होता, दौलताबादला गेलो. इन्फ्रारेडसाठी आमच्या मराठवाड्यात हाच काळ खरा, सप्टेंबर-ऑक्टोबर, कारण या फोटोत मजा हिरव्या पानाची आहे. पानाच्या आतल्या पेशींची रचना बरंचसं इन्फ्रारेड परत फेकते म्हणून झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. याला वुड इफेक्ट म्हणतात, लाकडाशी त्याचा काही संबंध नाही, रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१० मध्ये असे फोटो लोकांसमोर आणले म्हणून त्याचं नाव. मे महिन्यात इकडं काढायला गेलात तर पांढरं व्हायला पानच शिल्लक नसतं, नुसती ढेकळं, आणि वरून धुरळा. लोक म्हणतात इन्फ्रारेडनं धूसरपणा कापला जातो, ते हवेतल्या अगदी बारीक कणांच्या धूसरपणाच्या बाबतीत खरं आहे, आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीचे कण मोठे असतात, ती कापली जात नाही.

तर देवगिरीच्या किल्ल्यात खाली चांदमिनार आहे, मागं निळं स्वच्छ आभाळ, बाजूला झाडं. माझ्या मनात चित्र पक्कं होतं, काळं आभाळ, पांढरी झाडं, मधोमध मिनार. ५० एमएम लावली, सगळं शार्प यावं म्हणून एफ/११ केलं, बल्ब मोडवर (बटण दाबून धरलं तेवढा वेळ शटर उघडं राहतं तो मोड) पन्नास सेकंद. स्क्रीनवर बारकं बारकं बघून खूश झालो. घरी आल्यावर लॅपटॉपवर उघडलं तर मिनाराच्या पोटावर आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या आभाळावर तो गोळा. वीस-बावीस फ्रेम होत्या. मिनार असलेली एकही धड नाही. आणि त्याच दिवशी वाटेत वडाच्या झाडाचे काढलेले चार फोटो मात्र स्वच्छ. म्हणजे मला तरी तेव्हा ते स्वच्छ वाटले.

पहिला संशय फिल्टरवर गेला. तो स्वस्तातला होता, ऑनलाइन मागवलेला, डब्यावर कंपनीचं नाव पण नव्हतं. अशा फिल्टरवर ७२० लिहिलेलं असतं पण आतून साधा उजेड पण गळतो असं होऊ शकतं, म्हणून एक सोपी परीक्षा केली. रात्री घरातला एलईडी बल्ब लावला आणि तेवढाच, फिल्टर लावून फोटो काढला. एलईडी बल्बमधून इन्फ्रारेड जवळजवळ निघतच नाही, त्यामुळं फिल्टर खरा असेल तर फोटो काळाठिक्कर यायला पाहिजे. मग जुना पिवळा बल्ब लावला, त्याच्यातून इन्फ्रारेड भरपूर, तो झगझगीत यायला पाहिजे. दोन्ही तसंच आलं. म्हणजे फिल्टर पास. तरी माझं मन मानेना, आर७२ नावानं जो मिळतो तो नावाजलेला फिल्टर मागवला. गोळा जसाच्या तसा. तिथंच मला कळायला पाहिजे होतं की फिल्टरचा यात हात नाही, पण माणूस पैसे घालून बसला की डोकं लवकर चालत नाही.

दुसरा संशय बरोबर निघाला, आणि त्यानंच घोळ वाढवला. डीएसएलआरमध्ये लांब एक्सपोजर चालू असताना मागच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, उजेड आत शिरतो. एरवी एक शंभरांश सेकंदात तो काय करणार, पण पन्नास सेकंद सूर्य पाठीशी असेल तर तो सेन्सरपर्यंत पोचतो आणि फोटोत जांभळट पट्टा किंवा ढगासारखा डाग उमटतो. माझ्या काही फोटोंत गोळ्याशिवाय एक तिरपा जांभळा पट्टा पण होता, तो याचाच. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक छोटं रबरी झाकण असतं ना, ज्याचा उपयोग कुणालाच माहीत नसतो, ते यासाठी आहे. माझं कधीच हरवलं होतं म्हणून मी खिशातली काळी दस्ती टाकली व्ह्यूफाइंडरवर. पट्टा कमी झाला, गेला नाही. दस्तीच्या चार घड्या घातल्या तेव्हा गेला. एका घडीची काळी दस्ती उजेड का अडवत नाही हा प्रश्न तेव्हा मला पडायला पाहिजे होता, नाही पडला. पट्टा गेला पण गोळा तसाच राहिला आणि मी समजलो की दस्तीचा उपाय अर्धवट चाललाय, म्हणून अजून दोन आठवडे चिकटपट्ट्या लावत बसलो, फिल्टरच्या कडेनं, माउंटच्या भोवती, कॅमेरा पार शस्त्रक्रियेतून आल्यासारखा दिसायला लागला.

हे डाग वेगळे कसे ओळखायचे ते इथंच सांगतो. व्ह्यूफाइंडरमधून आलेला उजेड वेडावाकडा असतो, सूर्य कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणं जागा बदलतो, आणि मागं काहीतरी जाड झाकलं की जातो. समोरून सूर्य लेन्सवर पडत असेल तर फ्लेअर येतो, तो सूर्याच्या दिशेनं रांगेत येतो आणि लेन्सवर हाताची सावली धरली की जातो. आणि हा जो खरा गोळा आहे, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, तो कॅमेरा कुठंही वळवा, कायम फ्रेमच्या मध्यावर, कायम गोल, झाकलं तरी तसाच. मिररलेसवाल्यांना पहिला प्रकार नाहीच कारण मागून उजेड शिरायला वाटच नाही, तिसरा मात्र त्यांना पण आहे, आणि कॅमेरा इन्फ्रारेडसाठी कन्व्हर्ट करून (आतली इन्फ्रारेड अडवणारी काच काढून) घेतला तरी आहेच.

उत्तर सापडलं ते मामांच्या शेतात, परभणीपासून जवळच आहे. तुरीचं रान अंगाला लागत होतं, ऊन कडक, मी बांधावर ट्रायपॉड लावलेला. मामा काळी छत्री घेऊन आले.

"काय करायलास रे येड्या उन्हात?"

"मामा, फोटो काढायलोय. जरा बसा ना बांधावर, हलू नका फक्त, पंचवीस सेकंद."

"पंचवीस सेकंद? अरे आमच्या लग्नात पण एवढा येळ नव्हता लावला फोटोवाल्यानं."

बसले बिचारे. बोलत होते म्हणून तोंड पुसट आलं, पण छत्री बांधाला टेकवलेली होती, ती स्पष्ट आली. मी फोटो त्यांना दाखवला, तूर पांढरीशुभ्र, आभाळ काळं, सगळं झकास. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुह्या क्यामेऱ्याला काळं-पांढरं तरी कळतंय का? छत्री बघ की माझी."

छत्री पांढुरकी आली होती. काळीकुट्ट छत्री, फोटोत राखाडीपेक्षाही उजळ.

आधी हसलो. मग रात्री झोपताना डोक्यात आलं की अरे, डोळ्याला काळं दिसतं ते इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. बऱ्याच काळ्या कापडाचा रंग दिसणारा उजेड पितो आणि इन्फ्रारेड परत फेकतो नाहीतर आरपार जाऊ देतो. म्हणून छत्री पांढरी, म्हणून एका घडीची दस्ती कुचकामी. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप आला, लेन्सच्या आतला काळा रंग? अ‍ॅपर्चरची काळी पाती?

इथंच सगळं आहे. लेन्सच्या आतली नळी, कड्या, पाती हे सगळं काळं केलेलं असतं ते डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या हिशोबानं. काचेवरचं कोटिंग, ज्यामुळं लेन्स हिरवट-जांभळट चमकते, ते पण ४०० ते ७०० च्या हिशोबानं बनवलेलं. त्याच्या पलीकडच्या उजेडाला काही लेन्समध्ये हे कोटिंग काम देतच नाही, उलट आरशासारखं वागतं. मग होतं काय, सेन्सर स्वतःच गुळगुळीत आहे, त्याच्यावर पडलेला थोडा उजेड परत लेन्सकडं उडतो, मागच्या काचेवर आणि पात्यांवर आपटतो, आणि पुन्हा सेन्सरवर येतो, जमा होतो मधोमध. तो गोळा म्हणजे ढोबळमानानं अ‍ॅपर्चरच्या भोकाचंच पुसट प्रतिबिंब. भोक मोठं असेल तर तो उजेड सगळ्या फ्रेमभर पसरतो, दिसत नाही, फारतर कॉन्ट्रास्ट थोडा मरतो. भोक बारीक केलं की तोच उजेड गोळा होऊन मधे साचतो. म्हणजे मी शार्प फोटोसाठी एफ/११ करत होतो आणि त्याच हातानं गोळा तयार करत होतो.

दुसऱ्या दिवशी पक्कं करायचं ठरवलं. मामांच्या घराची मागची भिंत शेणामातीनं सारवलेली आहे, एकसारखी, पान नाही की सावली नाही, दुपारी बारा-साडेबाराचं ऊन तिच्यावर सपाट. तिच्यासमोर ट्रायपॉड, ५० एमएम, आयएसओ २००, व्ह्यूफाइंडरवर आठ घड्यांचा टॉवेल. दर वेळी एक पायरी अ‍ॅपर्चर बारीक आणि वेळ दुप्पट. एफ/२.८ ला ३ सेकंद, एफ/४ ला ६, एफ/५.६ ला १२, एफ/८ ला २५, एफ/११ ला ५०, एफ/१६ ला १०० सेकंद. तीसच्या पुढं बल्ब आणि रिमोट वायर. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवलं कारण ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा परत बसून राहतो आणि तोवर ऊन सरकतं.

सहाच्या सहा फोटो शेजारी शेजारी लावले. एफ/२.८ भिंत एकसारखी, कोपरे जरा अंधारे. एफ/४ तेच. एफ/५.६ वर मध्यभाग जरा उजळ, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही. एफ/८ वर गोळा आला, मोठा, मऊ. एफ/११ वर छोटा आणि घट्ट. एफ/१६ वर तर भिंतीवर कुणी टॉर्च मारल्यासारखा. मग त्याच जागेवरून, तोच फिल्टर काढून किट लेन्सला लावला. १८ एमएमपासून ५५ पर्यंत, एफ/८ पर्यंत काहीही नाही, एफ/११ ला ५५ एमएमवर जेमतेम खूण. म्हणजे जी लेन्स मी बॅगेच्या तळाशी टाकून दिली होती, फुकटात आली म्हणून जिची किंमत नव्हती, ती या कामाला चोख निघाली, आणि जिच्यासाठी पैसे साठवले ती नापास. लेन्सच्या किमतीचा आणि हॉटस्पॉटचा काही संबंध नाही. एकाच कंपनीच्या दोन लेन्स वेगळ्या वागतात, झूम लेन्स एका टोकाला चांगली आणि दुसऱ्या टोकाला वाईट असू शकते. म्हणून कुणाची यादी वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा ही भिंतीची परीक्षा स्वतःच्या लेन्सवर करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

मग वडाच्या झाडाच्या फोटोत गोळा का नव्हता? ते फोटो परत काढून बघितले, होता. एफ/११ चेच होते. पण गोळा म्हणजे वरून पडलेला जास्तीचा उजेड आहे, तो आधीच पांढऱ्या असलेल्या पानांच्या गर्दीत पडला तर दिसत नाही, आणि काळ्या सपाट आभाळावर किंवा पाण्यावर पडला तर लगेच डोळ्यात खुपतो. पाणी इन्फ्रारेड पितं, फोटोत काळंशार येतं, त्यामुळं पैठणला नाथसागराच्या काठावरून काढायचं असेल तर हा त्रास दुप्पट समजा. कधी येतो कधी नाही याचं कोडं असं होतं. यातूनच एक जुगाड पण निघतो, लेन्स बदलता येत नसेल तर फ्रेमच्या मध्यावर झाड येईल असं बघा, आभाळ-पाणी कडेला ठेवा.

बाकी उपाय मला जसे कामाचे वाटले तसे सांगतो. एफ/५.६ पर्यंत खाली यायची भीती वाटते कारण फोकसची खोली (जवळचं-लांबचं किती शार्प येतं ती) कमी होते, पण लांबच्या दृश्याला १८ किंवा २४ एमएमवर एफ/५.६ भरपूर आहे. शिवाय इन्फ्रारेडची लहर लांब असते म्हणून बारीक अ‍ॅपर्चरवर डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यानं) फोटो लवकर मऊ पडतो, त्यामुळं एफ/१६ चा तसाही फायदा नाही. वेळ वाचतो तो वेगळाच, १०० सेकंदाच्या जागी १२ सेकंदात लिंबाची पानं कमी हलतात. खाली कायमचा यूव्ही फिल्टर लावून ठेवला असेल तर तो काढा, दोन काचा एकावर एक म्हणजे अजून दोन आरसे. हूड लावा, सूर्य खांद्यामागं घ्या. एक्सपोजर बघताना हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल चॅनेल वेगळा बघा, एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि मधला भाग लालमध्ये कधीच उडून गेलेला असतो, तो उडाला की नंतर कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. शूट रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) करा हे वेगळं सांगत नाही.

आधीच काढून ठेवलेल्या फोटोंचं काय? माझ्या दौलताबादच्या वीसपैकी सात वाचले. साधा मार्ग म्हणजे लाइटरूम किंवा डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मधोमध गोल मास्क टाकायचा, कड भरपूर मऊ ठेवायची, एक्सपोजर थोडं खाली, कॉन्ट्रास्ट थोडा वर, आणि रंगीत फोटो असेल तर तेवढ्याच भागाचा रंग पण सरकवायचा, कारण गोळ्याची छटा बाकी फोटोपेक्षा वेगळी असते. रंगाचं काम अवघड, म्हणून ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जास्त फोटो वाचतात.

दुसरा मार्ग जरा खटाटोपाचा. तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, तीच फोकल लेंथ, फिल्टर लावलेला, आणि लेन्सच्या तोंडावर पांढऱ्या सुती धोतराच्या दोन घड्या ताणून धरायच्या, सूर्याच्या उलट्या बाजूच्या मोकळ्या आभाळाकडं तोंड करून एक फोटो काढायचा. यात दृश्य काहीच नसतं, फक्त लेन्सचा दोष उतरतो. जिम्प या सॉफ्टवेअरमध्ये हा फोटो खऱ्या फोटोच्या वर लेयर म्हणून टाकायचा, भरपूर ब्लर करायचा म्हणजे कापडाचे धागे दिसणार नाहीत, आणि लेयरचा मोड डिव्हाइड करायचा. गोळा जातो, कोपऱ्यातला अंधार पण जातो. फक्त पूर्ण ताकदीनं लावला की बऱ्याचदा उलटा डाग पडतो, मधे काळपट. कारण डिव्हाइड हे उजेड किती पटीनं वाढला याचा हिशोब करतं आणि गोळा तर वरून मिसळलेला उजेड आहे, शिवाय धोतरातून सगळ्या बाजूनं उजेड येतो म्हणून त्या फोटोत गोळा जरा जास्तच ठळक असतो. मी लेयरची ओपॅसिटी साठ-सत्तरच्या आसपास आणतो आणि डोळ्यानं ठरवतो.

काही लोक दुसऱ्याच बिघाडाला हॉटस्पॉट समजतात, त्यांच्यासाठी भरभर. फोटो सगळाच लालभडक असेल तर तो दोष नाही, व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरव्या गवतावरून घ्या. कॅमेरा घेत नसेल तर रॉमध्ये करा, लाइटरूमचं टेंपरेचर २००० केल्व्हिनच्या खाली जात नाही आणि तिथं पण लाली राहते, त्यासाठी वेगळी प्रोफाइल बनवावी लागते. आभाळ निळं पाहिजे असेल तर नंतर चॅनेल मिक्सरमध्ये लाल-निळ्याची अदलाबदल. फोटो सगळाच मऊ असेल तर फोकस सरकलाय, इन्फ्रारेड वेगळ्या जागी फोकस होतं, जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची. फिल्टर काढून फोकस करा, मॅन्युअलवर टाका, फिल्टर अलगद फिरवून लावा, आणि एक फ्रेम काढून मोठी करून बघून रिंग किंचित जवळच्या बाजूला सरकवा. फोटोभर रंगीत ठिपके असतील तर सेन्सर तापलाय, दोन फोटोंच्या मधे कॅमेरा सावलीत ठेवा, आमच्याकडं ऑक्टोबरचं ऊन काय कमी असतं होय.

दोन गोष्टी मात्र करू नका. हा फिल्टर डोळ्याला लावून सूर्याकडं बघायचं नाही, पोरांच्या हातात तर देऊच नका. काच काळी दिसते म्हणून सुरक्षित वाटते, पण इन्फ्रारेड पूर्ण आत येतं आणि अंधारामुळं बाहुली मोठी झालेली असते, पडदा भाजतो आणि भाजताना दुखत पण नाही. आणि व्हिडिओ बघून घरी कॅमेरा उघडून आतली काच काढायचा प्रयत्न नको, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावर सुद्धा काही वेळ शेकडो व्होल्ट असतात.

गेल्या महिन्यात परत दौलताबादला जाऊन आलो. किट लेन्स, २४ एमएम, एफ/५.६, १२ सेकंद, मागं आठ घड्यांचा टॉवेल. मिनार मधोमध, आभाळ काळं, आणि गोळा नाही. मिनाराजवळून माणसं जात-येत होती, ती बारा सेकंदात पुसटून गेली, एक कुत्रं मात्र सावलीत झोपलं होतं ते अगदी शार्प आलंय. ५० एमएम विकली नाही, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं लिहून ठेवलंय, 'आयआर: एफ/४ च्या पुढं नाही', आणि किट लेन्सच्या झाकणावर, 'एफ/८ पर्यंत चालते, ५५ ला एफ/११ नको'.